जोडीदाराच्या पश्चात घरातले फोन, खाती आणि यंत्रे : एकट्याने निर्णय घेताना

बहुतेक घरांत कामांची वाटणी बसून ठरवलेली नसते. ती वर्षानुवर्षे आपोआप होत जाते. एकाला कागदपत्रे कुठल्या कप्प्यात आहेत ते ठाऊक असते, तर दुसऱ्याला राउटरचा पासवर्ड. ज्याच्याकडे यंत्रांचा भाग आलेला असतो तो माणूस गेला, की मागे राहिलेल्या व्यक्तीपुढे दुःखाबरोबरच अनोळखी प्रश्नांची रांग उभी राहते. फोनच्या पडद्यावर ‘साठवण संपली’ अशी सूचना येते, लॅपटॉप अद्ययावत करा म्हणतो, कुठल्याशा सेवेचे नूतनीकरण झाल्याचा ईमेल येतो आणि यांतले नेमके काय महत्त्वाचे आहे हे विचारायचे ज्याला, तोच नसतो.

माझे पती गेल्यानंतरचे पहिले वर्ष मी असेच काढले. त्या वर्षात मला कळलेली सर्वांत उपयोगी गोष्ट तंत्रज्ञानाची नसून क्रमाची आहे. आधी आहे ते बिघडू द्यायचे नाही, मग घरात काय काय आहे ते जाणून घ्यायचे, मग किल्ल्या आपल्या हाती घ्यायच्या, मग छायाचित्रे आणि आवाज सुरक्षित करायचे आणि त्यानंतरच काय ठेवायचे, काय बदलायचे याचे निर्णय घ्यायचे. आपल्या हातून, आणि प्रेमाने मदतीला धावून येणाऱ्यांच्याही हातून, हा क्रम नेमका उलटा होतो. घर आवरायच्या ओघात फोन बंद होतो, सिमकार्ड परत केले जाते, लॅपटॉप ‘साफ’ करून कुणाला तरी दिला जातो आणि पुढचे कित्येक महिने त्याची किंमत मोजावी लागते.

सुरुवातीला काहीही बंद करू नका

जोडीदाराचा मोबाइल क्रमांक ही घरातली सर्वांत मोलाची किल्ली आहे. ईमेल, वीजबिल, विमा, छायाचित्रांची साठवण अशा असंख्य ठिकाणी ओळख पटवण्यासाठीचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. क्रमांक बंद केला, की काही काळाने दूरसंचार कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आपल्या घरच्या खात्यांचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडू लागतात. म्हणून त्या क्रमांकाचा सर्वांत स्वस्त प्लॅन घ्या आणि किमान वर्षभर तो चालू ठेवा. कंपनीशी बोलताना ‘हा क्रमांक बंद करायचा आहे’ असे म्हणू नका; ‘हा क्रमांक माझ्या नावावर करून घ्यायचा आहे, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील’ असे विचारा. पहिल्या वाक्याने सुरू होणारी प्रक्रिया अनेकदा मागे फिरवता येत नाही.

फोन चार्ज करत राहा आणि शक्यतो तो बंद होऊ देऊ नका. अनेक जोडप्यांनी एकमेकांच्या फोनमध्ये आपल्याही बोटाचा ठसा नोंदवलेला असतो. पण फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की ठसा किंवा चेहरा चालत नाही आणि पिन टाकावाच लागतो. तुमचा ठसा चालत असेल, तर त्याचे मोल मोठे आहे, बॅटरी संपण्यात तो गमावू नका. पिन माहीत नसेल, तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. आयफोनमध्ये तशी सेटिंग चालू असल्यास दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. सिमकार्डाला वेगळा पिन असेल, तर तीन चुकांनंतर ते अडकते आणि पीयूके हा दुसरा आकडा मागते. तोही दहा वेळा चुकला, तर ते कार्ड कायमचे निकामी होते. पीयूके दूरसंचार कंपनीकडून मिळतो, त्यामुळे तीन चुका झाल्या असतील तर तिथेच थांबा आणि कंपनीकडे जा.

व्हॉट्सॲपचे खाते साधारणपणे १२० दिवस वापरात नसेल, तर ते पुसले जाते. संगणकाला जोडलेले व्हॉट्सॲप तर मुख्य फोन १४ दिवस वापरात नसला तरी बंद पडते. म्हणून तो फोन उघडता येत असेल, तर आठवड्यातून एकदा तो वायफायला जोडून व्हॉट्सॲप उघडण्याची सवय ठेवा. गूगलची वैयक्तिक खाती दोन वर्षे वापरात नसल्यास कंपनी ती काढून टाकू शकते, म्हणजे तिथे घाई नाही. पण ती मुदतही अमर्याद नाही.

‘काहीही बंद करू नका’ याला एक अपवाद आहे. फोन किंवा बँकेचे कार्ड हरवले वा चोरीला गेले असेल, तर ते त्याच दिवशी रोखले पाहिजे. आणि बँकेला, विमा कंपनीला मृत्यूची सूचना त्यांच्या ठरलेल्या पद्धतीने द्यायलाच हवी. पासवर्ड माहीत असणे आणि तो वापरण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीदाराच्या एकट्याच्या नावे असलेल्या खात्यातून त्याच्या पासवर्डाने पैसे हलवले, तर वारसाहक्काच्या वेळी ते अडचणीचे ठरू शकते, मग ते पैसे घरखर्चासाठीच का असेनात. पैशांची बाब बँकेमार्फतच हाताळा.

एक वही करा

संगणकावरची यादी नको, वहीच हवी. ज्या गोष्टींची आपल्याला भीती वाटते त्यांची नोंद त्यांच्यातच करायला गेले, की काम तिथेच अडते. एका दिवशी एकच खोली घ्या आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ बसू नका. विजेला किंवा इंटरनेटला जोडलेली प्रत्येक वस्तू लिहा : ती काय करते, कधी घेतली, पावती कुठे आहे, तिच्यासाठी कुठले ॲप लागते आणि ती वापरात आहे की नुसतीच चालू आहे. ‘माहीत नाही’ हेही उत्तर म्हणून लिहा. माझ्या वहीत पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त रकाने तसेच होते आणि ते भरत जाणे हेच पुढचे काम ठरले.

कुठलीही वायर काढण्याआधी तिचे छायाचित्र घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. राउटर उलटा करून पाहा. खालच्या लेबलवर बहुधा वायफायचे मूळ नाव, मूळ पासवर्ड आणि त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता छापलेला असतो, जो बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्या लेबलचेही छायाचित्र घेऊन ठेवा. हा पासवर्ड घरात कुणी बदललेला असला, तरी राउटर मूळ स्थितीत आणायची वेळ आल्यास लेबलवरचाच उपयोगी पडतो.

यानंतर दर महिन्याला किंवा दर वर्षाला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा शोधायच्या. त्यासाठी बँकेची आणि कार्डाची मागच्या तेरा महिन्यांची विवरणे छापून घ्या. बाराऐवजी तेरा यासाठी, की वर्षातून एकदाच कापली जाणारी वर्गणी तारखेच्या थोड्याशा फरकाने निसटू नये. जी रक्कम पुन्हा पुन्हा दिसते तिच्याभोवती पेन्सिलीने खूण करा आणि वहीत तिच्यासमोर सेवेचे नाव लिहा. ईमेल उघडता येत असेल, तर ‘नूतनीकरण’, ‘पावती’, ‘सबस्क्रिप्शन’ असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत शोधून पाहिल्यास आणखी काही सापडते. या टप्प्यावर फक्त नोंद करायची आहे. रक्कम डोळ्यांना खुपली म्हणून ती सेवा लगेच बंद करू नका, कारण छायाचित्रांची सगळी साठवण नेमकी त्याच वर्गणीवर टिकून असण्याची शक्यता असते.

किल्ल्या आपल्या हाती घेणे

यादी झाली, की तिचे दोन भाग पाडा. घरासाठीची खाती, म्हणजे इंटरनेट, वीज, टीव्ही, सुरक्षा कॅमेरे. आणि जोडीदाराची स्वतःची खाती, म्हणजे ईमेल, समाजमाध्यमे, वैयक्तिक साठवण. पहिल्या भागातली खाती तुमच्या नावावर यायला हवीत. दुसऱ्या भागातली खाती जोडीदाराचीच राहतात. त्यांतून काय हवे आणि काय नको, एवढेच आपल्याला ठरवायचे असते.

सुरुवात स्वतःच्या ईमेलपासून करा. तुमचा स्वतंत्र ईमेल नसेल किंवा तो जोडीदाराच्या क्रमांकाशी जोडलेला असेल, तर आधी तो दुरुस्त करा, कारण पुढचा प्रत्येक बदल याच पत्त्यावर येणार आहे. खात्याच्या सुरक्षेच्या भागात जाऊन पुनर्प्राप्तीसाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या, नवा मोठा पासवर्ड ठेवा आणि फोन हाताशी नसताना खाते उघडण्यासाठीचे आपत्कालीन कोड छापून वहीत चिकटवा. हे झाल्यावर घराच्या एकेका खात्यात जाऊन तीन गोष्टी बदला : ईमेल, मोबाइल क्रमांक आणि पैसे भरण्याचे साधन. एका बैठकीत दोन खाती झाली तरी पुरे. बदल केल्यावर बाहेर पडा आणि पुन्हा आत जाऊन पाहा. नवा ओटीपी आपल्या फोनवर आला, की वहीत त्या नावापुढे तारीख घाला.

काही ठिकाणी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपमधला, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड मागितला जातो. तो सिमकार्डावर अवलंबून नसतो, तर जोडीदाराच्या फोनमधल्या ॲपवर अवलंबून असतो. म्हणजे क्रमांक सांभाळला पण फोन पुसला, तरी ते दार बंद होते. सिमकार्ड आणि फोन दोन्ही सांभाळायला हवेत, ते यामुळे.

लॅपटॉपच्या बाबतीत माझ्यावर आलेला प्रसंग सांगते, कारण तो अनेकांवर येतो. दोन महिने न वापरलेला लॅपटॉप सुरू केला तेव्हा त्याने निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली. दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले, की आता फॉर्मॅट करण्यावाचून, म्हणजे त्यातले सगळे पुसण्यावाचून, मार्ग नाही. मी जवळजवळ होकार दिला होता. सोबत आलेल्या भाचीने लॅपटॉप परत घ्यायला लावला. ती किल्ली बिटलॉकर या संरक्षणाची होती आणि अशी किल्ली बहुधा लॅपटॉपवर वापरल्या गेलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप साठवलेली असते. आमच्या बाबतीत ती तिथेच सापडली आणि लॅपटॉप सगळ्या कागदपत्रांसह उघडला. आपल्यापुढे असा पडदा आला, तर त्यावरच्या किल्लीच्या ओळख-क्रमांकाचे छायाचित्र घ्या, लॅपटॉप बंद करून ठेवा आणि आधी खाते शोधा. फॉर्मॅटला कुणालाही लगेच होकार देऊ नका.

जोडीदाराच्या स्वतःच्या खात्यांत जाता येत नसेल, तर मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी अधिकृत मार्ग आहेत. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा देऊन गूगलकडे खाते बंद करण्याची किंवा काही प्रकरणांत त्यातील माहिती मिळवण्याची विनंती करता येते; पासवर्ड मात्र कंपनी देत नाही. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय सुरू केली. जोडीदाराने तुमचे नाव त्यात आधीच नोंदवले असेल, तर त्या वेळी तयार झालेला प्रवेश-कोड आणि मृत्यूचा दाखला यांच्या आधारे छायाचित्रे, नोंदी, निरोप असा बराच ऐवज मिळतो. साठवलेले पासवर्ड मात्र त्यात येत नाहीत. तसे नाव नोंदवलेले नसल्यास बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. फेसबुकवर खाते स्मृतिरूपात ठेवता येते किंवा काढून टाकता येते. पण हा अर्ज सर्वांत शेवटी करा, कारण खाते स्मृतिरूपात गेले, की पासवर्ड माहीत असला तरी त्यात कुणालाच प्रवेश करता येत नाही.

छायाचित्रे आणि आवाज

हा भाग मी मुद्दाम निर्णयांच्या आधी ठेवला आहे. राउटर चुकीचा घेतला तर परत घेता येतो. फोनमधला ‘पोहोचलो, काळजी करू नकोस’ असा सात सेकंदांचा निरोप एकदा गेला, की परत येत नाही.

सगळ्यांत आधी एक फरक समजून घ्या, कारण तो न समजल्याने फार नुकसान होते. ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे एकच संग्रह फोन, लॅपटॉप आणि इंटरनेटवरची साठवण अशा सगळ्या ठिकाणी सारखा दिसत राहणे. त्यात एका ठिकाणी छायाचित्र पुसले, की ते सगळीकडून पुसले जाते. फोनमध्ये जागा नाही म्हणून, ‘वर तर सगळे आहेच’ अशा समजुतीने छायाचित्रे पुसणारे लोक नेमके इथेच फसतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले छायाचित्र पुसल्यावर ते ६० दिवस कचरापेटीत राहते आणि आयफोनच्या ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यात ३० दिवस; त्यानंतर ते कायमचे जाते. बॅकअप म्हणजे यापासून पूर्णपणे वेगळी, जोडणी तोडून बाजूला ठेवलेली प्रत. तशी प्रत हाती येईपर्यंत जोडीदाराच्या फोनमधले काहीही पुसू नका.

जुन्या जाणकारांचा ३-२-१ असा एक साधा नियम आहे : महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा अर्थ असा, की मूळ संग्रह फोनमध्ये किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत, एक प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी तशीच डिस्क मुलीकडे, भावाकडे किंवा विश्वासातल्या स्नेह्याकडे. दोन डिस्क घेताना त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, असे माझे मत आहे. एकाच खेपेतल्या दोन वस्तूंत एकच दोष असू शकतो. पेन ड्राइव्हवर मात्र एकमेव प्रत कधी ठेवू नका, तो हरवतोही लवकर आणि बिघडतोही न सांगता.

गूगल खात्यात १५ जीबी आणि ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी जागा मोफत मिळते. त्याहून जास्त साठवणीसाठी वर्गणी लागते. बँकेच्या विवरणात अशी वर्गणी दिसली असेल, तर तिचे पैसे जोडीदाराच्या बंद होऊ घातलेल्या कार्डातून जातात का ते पाहा. कार्ड बंद पडले, वर्गणी थांबली आणि त्याच्या सूचना कुणीही न उघडलेल्या ईमेलमध्ये येत राहिल्या, तर साठवण धोक्यात येते. सगळी छायाचित्रे उतरवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे. गूगलच्या या सोयीचे नाव ‘टेकआउट’ आहे. उतरवलेली फाइल उघडून, मधलीच चार-पाच छायाचित्रे आणि एखादा व्हिडिओ प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज प्रत झाली असे समजू नका.

आवाजासाठी व्हॉट्सॲपच्या प्रत्येक संभाषणात ‘एक्स्पोर्ट चॅट’ असा पर्याय असतो. तो निवडताना माध्यमांसह पाठवण्याचा पर्याय घ्या, म्हणजे आवाजी निरोपही सोबत येतील. संभाषण फार मोठे असेल, तर जुने निरोप त्यात येत नाहीत, म्हणून खास जिवाभावाचे निरोप एकेक करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. हे काम एका दिवसात उरकायचे नाही. ऐकवत नसेल, तर न ऐकता नुसते पाठवा; ऐकायचे कधी, ते तुमचे तुम्ही ठरवा.

आता निर्णय

इथपर्यंत आल्यावर कुठलाही निर्णय चुकला, तरी त्यातून भरून न येणारे नुकसान होत नाही. ही मोकळीक मिळवण्यासाठीच आधीची सगळी खटपट आहे. प्रत्येक निर्णयासाठी वहीचे एक पान घ्या आणि वर चार प्रश्न लिहा. नेमके काय अडले आहे? या वस्तूने मी प्रत्यक्षात काय करते किंवा करतो? महिनाभर काहीच केले नाही, तर काय होईल? आणि घेतलेला निर्णय मागे फिरवता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही होणार नाही’ असे येत असेल, तर पान उलटून पुढे जा.

उदाहरण म्हणून घरातला जुना लॅपटॉप घेऊ. त्यावर विंडोज १० आहे आणि ‘या संगणकाचा आधार संपला आहे’ अशी सूचना वारंवार येते. ही सूचना खरी आहे : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडणार असा नाही; नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार करणे दिवसेंदिवस जोखमीचे होत जाईल, असा आहे. आता दुसरा प्रश्न. त्या लॅपटॉपवर तुम्ही ईमेल वाचता, बिले भरता आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलता, एवढेच असेल, तर एखादा टॅब्लेट किंवा हातातला फोनही पुरेल. मोठा पडदा आणि कळफलक हवाच असेल, तर लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत साधनाने तपासा. जुनी यंत्रे बहुधा टीपीएम २.० या सुरक्षा-चिपअभावी किंवा जुन्या प्रोसेसरमुळे नापास होतात. यंत्र पात्र असेल, तर बॅकअप घेऊन अद्ययावत करा. त्याला पैसे पडत नाहीत. पात्र नसेल, तर नवे घ्या किंवा तो लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून जुनी कागदपत्रे पाहण्यापुरता ठेवा. हा शेवटचा पर्याय विक्रेता कधी सुचवणार नाही, पण अनेक घरांसाठी तोच सर्वांत शहाणपणाचा असतो.

खरेदीच करायची ठरली, तर दुकानात जाताना वस्तूचे नाव घेऊन जाऊ नका. आपल्या कामांची यादी घेऊन जा आणि विक्रेत्याला ती वाचून दाखवा. तो जे सुचवेल ते लिहून घ्या, ‘घरी विचार करून सांगते’ म्हणा आणि त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. दुसऱ्या ठिकाणी हीच यादी वाचा. दोन्हीकडच्या उत्तरांत जिथे फरक दिसेल, तिथेच आपला खरा प्रश्न दडलेला असतो. ‘ही सवलत आजच्यापुरतीच आहे’ असे ऐकल्यावर दुकानाबाहेर पडण्याचे धैर्य पहिल्यांदा जड जाते, पुढे जमते. वस्तू परत करण्याची मुदत किती आणि खोका उघडल्यावर ती लागू राहते का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

‘ते असते तर त्यांनी काय घेतले असते?’ हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. आमच्या घरात दिवे फोनवरून लावण्याची, पाण्याची टाकी भरल्याची सूचना देण्याची, दारावरच्या कॅमेऱ्याची अशी बरीच जुळणी त्यांनी हौसेने केली होती. ती जशीच्या तशी चालवणे मला त्यांच्याशी इमान राखण्यासारखे वाटे. एका रात्री दिवे कशाने तरी अडकले आणि मी दोन तास अंधारात ॲप चाळत बसले, तेव्हा मला जाणवले, की ती जुळणी त्यांच्या हातांसाठी होती. दुसऱ्या आठवड्यात मी साधी बटणे बसवून घेतली आणि कॅमेरा तेवढा ठेवला, कारण रात्री एकटीला त्याचा आधार वाटतो. तुमच्या घरात तुम्हाला कशाचा आधार वाटतो आणि कशाचे ओझे वाटते, हे दुसरे कुणी सांगू शकणार नाही. साध्या वस्तूकडे परत जाणे म्हणजे हार नव्हे, आणि जोडीदाराची जुळणी मोडणे म्हणजे त्याला विसरणे नव्हे. कॅमेरा ठेवणार असाल, तर त्याच्या खात्याचा पासवर्ड मात्र नक्की बदला. जुना पासवर्ड आणखी कुणाकुणाला दिला होता, हे आता कळायला मार्ग नसतो.

मदत घेताना

मदत करणारी तरुण मंडळी बहुधा आपल्या हातातून फोन घेतात, भराभर बोटे चालवतात आणि ‘झाले बघ’ म्हणून परत देतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण अशाने पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा : फोन माझ्याच हातात राहील, तू नुसते सांग, आणि प्रत्येक पायरी मी वहीत लिहीपर्यंत थांब. एकाच माणसाला सगळे विचारण्यापेक्षा बँकेच्या बाबी एकाला आणि यंत्रांच्या बाबी दुसऱ्याला विचारल्या, तर कुणावर भार पडत नाही आणि सगळ्या किल्ल्या एकाच्या हाती जात नाहीत.

फसवणूक करणारे शोकाच्या काळातल्या घरांवर नजर ठेवून असतात. निधनाच्या जाहीर सूचनेत घरचा पत्ता, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक देणे टाळा. तुमच्या संगणकात विषाणू आला आहे, असे सांगायला कुठलीही कंपनी आपणहून फोन करत नाही. जोडीदाराच्या नावे थकबाकी, विम्याची अडकलेली रक्कम किंवा बंद पडणारे खाते असे काहीही सांगत कुणी ओटीपी मागितला, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे दुसऱ्याला आपला पडदा चालवू देणारे ॲप बसवायला सांगितले, की फोन ठेवून द्या. उत्तर देण्याची गरज नाही. मग बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपणच फोन करून खातरजमा करा. ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, तिथल्या जाहिरातींत खोटे क्रमांकही असतात.

यंत्रे कुणाला देण्याआधी

जोडीदाराचा फोन देऊन टाकायचा की जपायचा, याला ठरावीक मुदत नाही. देणार असाल, तर आधी त्यातल्या सर्व प्रती झाल्याचे वहीत पाहा, त्यातल्या ऑथेंटिकेटर ॲपवर आता कुठलेही खाते अवलंबून नसल्याची खात्री करा, मग सेटिंगमधून खात्यातून रीतसर बाहेर पडा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करा. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केल्यास आयफोनमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडमध्ये तशाच प्रकारचे कुलूप लागू शकते आणि मग नव्या माणसाला तो वापरता येत नाही. ॲपलचे कुलूप काढून घेण्यासाठी खरेदीची पावती मागितली जाते, म्हणून जुनी बिले फाडू नका. बंद पडलेल्या संगणकातली हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. ती काढणे पाच-दहा मिनिटांचे काम असते आणि तुमच्या डोळ्यांसमोर करून घेता येते.

हे सगळे उरकले, की आपल्या स्वतःच्या खात्यांसाठी एक दुपार राखून ठेवा. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या नावाची सोय आहे. खाते ३ ते १८ महिने वापरात नसेल, तर कुणाला कळवायचे आणि त्यातले काय द्यायचे हे तिथे आधीच सांगून ठेवता येते, आणि त्यात दहा जणांपर्यंत नावे देता येतात. आयफोन वापरत असाल, तर लेगसी कॉन्टॅक्ट नोंदवा आणि त्याचा कोड छापून ठेवा. फोनचा पिन, ईमेलचा पासवर्ड आणि बॅकअपच्या दोन्ही डिस्क कुठे आहेत याची नोंद एका पाकिटात घालून ते मोहोरबंद करा आणि त्यावर आजची तारीख लिहा. पाकीट कुठे आहे एवढेच एका माणसाला सांगा. पासवर्ड बदलला, की पाकीट बदला. माझे पाकीट त्याच वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवलेले आहे आणि वही कुठल्या कप्प्यात आहे ते माझ्या भाचीला माहीत आहे.